तीर महिना, फसली १३४६

धाराशिव,
ता. ११ फेब्रुवारी १९६२, रविवार

प्रिय उत्तरेश्वर यास चाँदपाशाचा सलाम.

इकडं सगळं ठीक. तू जळकोटला पोचलास हे एसटीच्या कंडक्टरकडून कळलं. आमचे रोजे सुरू झालेत. निवडणुकीचे भोंगे सकाळपासून गल्लीतनं फिरतात, त्यामुळं दुपारचा डोळाही लागत नाही. अम्मी विचारत होती, उत्तरेश्वर ईदला शिरखुर्मा प्यायला येणार का. मी म्हणालो, बघू. तू कॉलेज सोडलंस हे तिला अजून सांगितलेलं नाही.

बास्केटबॉलच्या सामन्यांचं तुला कुणी कळवलं की नाही कोण जाणे. हरलो. औरंगाबादेत पहिल्याच सामन्यात, नांदेडकडून, एकतीस-अडतीस. आम्ही सातजण गेलो होतो. बंडप्पाला एसटीतनं उतरल्या उतरल्या ताप भरला, तो सतरंजीवर पडून राहिला. उरलो सहा. दुसऱ्या डावात गुंडाप्पाचे पाच फाऊल झाले, तो बाहेर. मग शिवलिंगप्पाचे झाले. तोवर आम्ही दोन गुणांनी पुढं होतो. शेवटची सहा मिनिटं चौघंच खेळलो. अंपायरनं विचारलं, "तुमचा पाचवा कुठाय?" मल्लिकार्जुननं नुसती मान हलवली. बघणारे हसत होते. मी सगळा वेळ मैदानात होतो आणि चार गुण केले.

मला काही वाटलं नाही. अजूनही वाटत नाही. लेक्चरला बसतो, नमाजला जातो, रोजा सोडतो, झोपतो. दात काढताना डॉक्टर सुई टोचतो आणि मग गाल आपला असून आपला राहत नाही, तसं सगळं अंगच झालंय.

तुला ठाऊक नाही ते आधी सांगतो. डिसेंबरात टीम ठरवायला मल्लिकार्जुनच्या खोलीवर आम्ही तिघं बसलो होतो. तो कॅप्टन म्हणून, मी आणि गुंडाप्पा जुने म्हणून. मल्लिकार्जुनचं म्हणणं एकच. "दहा नावांची मुभा आहे आन् आपण सात लिवतोय. एक आजारी पडला, दोघं बाहेर गेले, मग काय भिंतीला बॉल द्यायचा?" पुढं म्हणाला, उत्तरेश्वरला नुसता राखीव नको, पहिल्या पाचात घेऊ. चाँद राखीव बसंल.

मी आधी हसण्यावारी नेलं. मग जीव तोडून बोलायला लागलो. म्हणालो, तो अजून हुतूतूच खेळतोय, बॉल घेऊन चार-चार पावलं पळतो, शिट्टी वाजवून अंपायर दमेल. एक मोठा सामना खेळलेला नाही. हातचं सोडून पळत्याच्या पाठीमागं कशाला लागायचं? मल्लिकार्जुन म्हणाला, "पाण्यात उतरल्याबिगर पोहायला येतं व्हय रे? तू तरी पहिल्या वर्षी काय दिवे लावले होतेस?" गुंडाप्पा थोडा वेळ माझ्या बाजूनं बोलला, मग त्याच्या बाजूनं. तासभर असंच चाललं. शेवटी मल्लिकार्जुनचं खरं झालं. तुझं नाव पाचवं लिहिलं, माझं सहावं.

तुझी पावलं चुकायची हे खरं होतं. पण बाजूनं उभं राहून तू टाकलेल्या दहातले सात बॉल जाळीत जायचे. मी मुरमाच्या ढिगावर बसून बघायचो. माझे चार जायचे.

नावांबरोबर जन्मतारखा पाठवायच्या होत्या, कारण खेळणारा पंचवीसच्या आतला पाहिजे असा नियम होता. आपले सगळ्यांचे दाखले निजामाच्या वेळचे, उर्दूत, आणि वर्ष फसली. टीममध्ये उर्दू वाचणारा मी एकटाच. आठही दाखले माझ्याकडं आले. तू तुझा देताना म्हणालास, "तूच बघ बाबा, मला त्यातलं ओ का ठो कळत न्हाय."

फसलीचं इंग्रजी करायची रीत सोपी आहे. आजूर, दै, बहमन हे पहिले तीन महिने असले तर वर्षात पाचशे नव्वद मिळवायचे, पुढचा कुठलाही महिना असला तर पाचशे एक्याण्णव. तुझ्या दाखल्यावर होतं तीर महिना, १३४६. म्हणजे १९३७ सालचा मे. मी लिहिलं १९३६. तू एका वर्षानं म्हातारा झालास आणि यादीतनं उडालास.

घाईत चूक झाली, असं मी तुला लिहिणार होतो. तसे दोन कागद लिहून फाडले. तुझ्याआधी सहा दाखले केले होते, ते सगळे बरोबर आहेत. शिवलिंगप्पाचाही तीर महिनाच होता.

मल्लिकार्जुन दोनदा म्हणाला, "नीट बघ रं चाँद." मी नीट बघितलं. तो दाखला परत उघडून त्याच्यासमोर बोट ठेवून वाचून दाखवला. त्याला काय कळणार होतं?

तू भांडायला पाहिजे होतंस. तू म्हणालास, "कागद काय खोटं बोलतो व्हय," आणि पाच नंबरचं बनियन घडी घालून परत दिलंस. त्यानंतर पोरं तुला पेन्शनर म्हणायला लागली. वर्गात, मेसमध्ये, मैदानावर. महिनाभर तू ऐकून घेतलंस आणि मग ट्रंक उचलून निघून गेलास. पहिल्यांदा पेन्शनर कोण म्हणालं ते तुला माहीत नसेल. मी म्हणालो.

परवा मल्लिकार्जुनला सगळं सांगितलं. वाटलं, थोबाडीत देईल. दिली असती तर बरं झालं असतं. त्यानं एवढंच विचारलं, "उत्तरेश्वरला सांगितलंस?" मी नाही म्हणालो, तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही. काल ऑफिसात अर्ज देऊन तुझी तारीख दुरुस्त केली. चूक कुणाची या रकान्यात माझं नाव लिहिलं. क्लार्कनं वाचलं आणि शिक्का मारला.

परीक्षेचा फॉर्म भरायची मुदत अठ्ठावीस तारखेपर्यंत आहे. ये, असं म्हणायला मला तोंड नाही. मल्लिकार्जुन बोलावतोय असं समज. माझ्याशी बोलू नकोस, पण परीक्षेला बस.

आणि एक राहिलं. स्टँडवर तुला सोडायला आलो होतो तेव्हा मी म्हणालो, मन लहान करू नकोस, नियम बदलतात, पुढल्या वर्षी बघू. तू हो म्हणालास. पुढल्या वर्षी बघायला काही नाही, उत्तरेश्वर. येत्या मे महिन्यात तुला खरोखरच पंचवीस पुरी होतात. तुझ्या वाट्याला खेळायचं हे एवढंच वर्ष होतं. आणि ते टीममध्ये फक्त मला माहीत होतं.

तुझ्या जागेवर खेळलेला,
चाँदपाशा