सोमवारच्या आधी

प्रिय बयो,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून लिहिते आहे. रागावली आहेस, आणि रागावण्याचा तुझा हक्क मला मान्य आहे. पण हे पाकीट न वाचता फाडू नकोस. सोमवारी कारखान्यातल्या चौकशीच्या खोलीत आपण दोघी समोरासमोर येणार, तू तक्रार करणारी म्हणून आणि मी साक्षीला. कामावर बाबांच्या वरचे असूनही पाणीमास्तरांनी त्यांना गमबूट दिले नाहीत म्हणून बाबा गेले, असं तू लिहून दिलं आहेस. त्या अर्जावरून त्यांना घरी बसवलंय आणि त्यांची नोकरी राहते की जाते ते सोमवारी ठरेल. मी तिथे काय सांगणार आहे, ते तुला आधी कळायला हवं. पण ते एका वाक्यात सांगायचं बळ माझ्यात नाही, म्हणून जरा मागून येते.

लहानपणी तुला वाटायचं की सगळ्यांचेच बाबा घरी आल्यावर कोपरापर्यंत हात घासतात आणि मगच पोरांना उचलतात. तू दारातच हात पसरून उभी राहायचीस आणि ते लांबून ओरडायचे, थांब गं, अजून मी विषारी आहे. तुला त्याचं हसू यायचं. मला यायचं नाही. त्यांचा विभाग अमाइनचा. कापड मऊ करायला, तेल आणि पाणी एकमेकांत मिसळायला वापरतात ते. थंडीत पिंपात मेणासारखं गोठून बसायचं, मग ती पिंपं गरम खोलीत ठेवून पातळ करायची आणि खालच्या तोटीने काढून घ्यायची, हे त्यांचं काम. वास असा, की कपडे भिजवलेली बादलीसुद्धा मी वेगळी ठेवायचे. नवीन लग्न झालं तेव्हा मी नाकाला पदर लावला, तर म्हणाले, सवय कर, हेच माझं अत्तर.

कारखान्याने एकदा त्या मालाची माहिती छापून सगळ्यांना वाटली. बाबांना अक्षर लागायचं, पण सलग वाचायचा कंटाळा. घरात वाचणारी मी. चौथीनंतर शाळा सुटली तरी किराण्याच्या पुडीचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय मी टाकला नाही, हे तू चिडवून चिडवून सगळ्यांना सांगितलं आहेस. तर मी जेवताना मोठ्याने वाचायचे आणि ते ऐकायचे. एक शब्द आला, पृष्ठक्रियाकारी. तीनदा अडखळले. म्हणाले, हे नाव घ्यायचं तर आधी जीभ धुऊन यावं लागेल. पण पुढचं त्यांनी नीट ऐकलं. कातडीला लागलं तर लगेच दुखत नाही, साबण लागल्यासारखं नुसतं बुळबुळीत लागतं, आणि आतून भाजत जातं. डोळ्यात गेलं तर डोळा जातो. गटारात सोडलं तर पुढच्या ओढ्यातले मासे मरतात. आणि चामडं भिजलं तर ते धुऊन निघत नाही, टाकूनच द्यायचं. हे मी वाचलं आहे, बयो, माझ्या तोंडाने. त्यांना ते माहीत होतं.

पाणीमास्तरांनाही तू विसरली नसशील. त्यांच्या सायकलच्या दांडीवर बसून तू वर्षभर शाळेत गेलीस. हाताखालच्या माणसांनीच त्यांना ते नाव पाडलं होतं, कारण कुणाच्या अंगावर थेंब उडाला की यांचा पहिला शब्द पाणी. मग स्वतः घड्याळाकडे बघत शेजारी उभे, पाव तास झाल्याशिवाय माणसाला नळाखालून हलू द्यायचे नाहीत. कुणी शहाणपणा करून म्हणालं की क्षार आहे तर लिंबू चोळतो, तर म्हणायचे, सरबत करतोस का? पाणी घाल, नुसतं पाणी. बाबा घरी येऊन त्यांची नक्कल करायचे, तेव्हा तू हसून हसून खाली पडायचीस.

आता त्या बुटांचं. तुझ्या पहिल्या पगारात तू बाबांना चामड्याचे बूट आणलेस, तांबूस रंगाचे, नाड्यांचे. त्या माणसाने आयुष्यभर चपला आणि कामावर रबरी गमबूट, एवढंच घातलं होतं. नाडी बांधताना बोटं अडखळायची आणि मला बांधू द्यायचे नाहीत. पहिल्या दिवशी घरातल्या घरात चालून दाखवलं, स्वयंपाकघरातून पुढच्या खोलीत, पुढच्या खोलीतून स्वयंपाकघरात. मी म्हटलं, अहो, पाहुणे आल्यासारखे काय फिरताय? तर म्हणाले, पोरीच्या पैशाने चालतोय, जरा बघ तरी. कामावर जाताना तेच घालायचे. तिथे कपाटात वरच्या कप्प्यात बूट, खालच्या कप्प्यात गमबूट. गमबूट होते, बयो. धड होते, त्यांच्या मापाचे होते. मास्तरांनी दिलेले.

त्या दिवशी पाळी संपली होती. अंग धुऊन, गमबूट काढून, तुझे बूट घालून ते निघाले होते. गरम खोलीतल्या एका पिंपाची तोटी बरेच दिवस गळत होती, तिला चिंधी बांधून ठेवली होती. जाता जाता त्यांना दिसलं की धार मोठी झाली आहे. तसेच आत गेले, बूट न बदलता. तोटी हातात निखळून आली. कोमट माल जमिनीवर आणि घोट्यापर्यंत बुटांत. ते पडले नाहीत, तोटी परत भोकात दाबून बसवूनच बाहेर आले. मास्तरांनी ओढत नेऊन नळाखाली उभं केलं, बूट मोजे काढायला लावले, पाव तास पाणी घातलं, स्वतःच्या चपला दिल्या आणि बजावलं, हे बूट कचऱ्याच्या पिंपात टाक, चामड्याने पिऊन घेतलंय, आता ते तुझे नाहीत. बाबा हो म्हणाले. मास्तर जमीन धुवायला माणसं बोलवायला गेले, आणि बाबांनी बूट पिशवीत घातले.

घरी आले तेव्हा मी माहेरी होते, माझ्या आईच्या आजारपणात. त्यांनी गच्चीवर नेऊन बूट साबणाने धुतले, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून वाळवले. मी परत आले तोवर पॉलिशसुद्धा झालं होतं. आणि रविवारी तुझ्या नव्या घरी आलो ना आम्ही, तेव्हा ते तेच बूट घालून आले. मी म्हटलं, ऊन आहे, चपला घाला. म्हणाले, ती दार उघडल्यावर आधी माझ्या पायाकडेच बघेल. आणि तू बघितलंसही. खूश झालीस. फोटो काढलास. दिवसभर तू त्यांना बाजार दाखवलास, बाग दाखवलीस, आणि त्या घामेजल्या पायांना चामडं आपलं पोटातलं परत देत राहिलं. साखरेच्या आजाराने पाय बधिर झालेले. मागे टाचणी रुतली होती तर मोजा काढेपर्यंत त्यांना कळलं नव्हतं. दुखत नव्हतं, बयो. दुखलं असतं तर वाचले असते.

पुढचं तुला माहीत आहे. बोटांच्या बेचक्यातली ती जखम, मग पाऊल, मग गुडघ्याखालचा पाय, मग ताप. ते सगळं कशाने झालं, हे त्यांनी दवाखान्यात दोघांनाच सांगितलं, मला आणि मास्तरांना. मास्तर पलंगाच्या कडेला उभे राहून लहान पोरावर ओरडावं तसे ओरडले, अरे गाढवा, मी तुला काय सांगितलं होतं? बाबा हसले. म्हणाले, टाकवेनात रे. मग माझा हात धरून म्हणाले, पोरीला कळता कामा नये, दोघांनी कबूल करा. आम्ही केलं.

ते गेल्यावर तू बूट मागितलेस, आठवण म्हणून. मी सांगितलं की देऊन टाकले. तू म्हणालीस, बाबांना जाऊन आठवडा नाही झाला आणि तू त्यांच्या वस्तू वाटत सुटलीस, दगड आहेस आई तू. मी ऐकून घेतलं. ते बूट मास्तरांनी हातमोजे घालून जाड पिशवीत भरून नेले होते, कारखान्याच्या घातक कचऱ्यात. तू ते छातीशी धरले असतेस. मी ते कसे देणार होते तुला?

आता तू रडत असशील, तर एक ऐक. वर्षभर मी एकटीने हे उलटसुलट केलं आहे. मला त्यांचाच राग येतो, भांडी घासताना मोठ्याने बोलते मी त्यांच्याशी, की दुसरे बूट आणले असते तिने, बाप कुठून आणायचा होता? तुझा राग मला एकदाही आला नाही. बूट आणणं यात काही चूक नव्हती. कारखान्याशी भांडायचं असेल तर त्या गळक्या तोटीवरून भांड, तिथे मी तुझ्या बाजूला उभी राहीन. ती बदला म्हणून मास्तरांनी तीनदा वर सांगितलं होतं. पण गमबुटांवरून नको.

मास्तर परवा आले होते. खुर्चीवर बसले नाहीत, दाराला टेकून उभे. केस सगळे पांढरे झालेत. मी म्हटलं, भाऊजी, तुम्ही चौकशीत खरं का सांगत नाही? एक वाक्य बोललात तर सुटाल. तर म्हणाले, वहिनी, माझी नोकरी गेली तर दुसरी शोधीन, नाहीतर बसेन घरी, पण तिला हे कळलं तर ती पोर कधी कुणाला काही हौसेने देऊ शकेल का? सोमवारीही ते खरं सांगणार नाहीत. गमबूट द्यायचे राहिले, असं कबूल करणार आहेत. ते मी होऊ देणार नाही. बाबांना दिलेला शब्द मी मोडते आहे, त्यांना काय सांगायचं ते माझं मी बघेन. मी तिथे सगळं बोलणार आहे. पण समोर चार परकी माणसं बसलेली, एकजण भराभर लिहून घेतोय, आणि तुला तिथे हे पहिल्यांदा कळतंय, असं व्हायला नको, एवढ्यासाठी हे पत्र. शनिवारी सकाळच्या गाडीने मी तुझ्याकडे येते आहे. दार उघडावंसं वाटलं नाही तर उघडू नकोस. मी जिन्यात बसेन. मला कुठे जायचं नाही.

तुझीच, तू काहीही म्हणालीस तरी,
आई