वहिनीच्या पाठीचे फोटो

३ जून
फुकट गेलं सगळं! वकीलबाईंनी फोटो बघितले आणि मोबाईल परत दिला. म्हणाल्या, "यात वळ कुठे आहेत?" खरंच नव्हते. वहिनीची पाठ साबणाच्या जाहिरातीतल्यासारखी गुळगुळीत! कातडी उजळवायचं ते काहीतरी मोबाईलमध्ये सुरूच राहिलेलं. माझ्या सख्ख्या भावाने पट्ट्याने मारलं, आणि माझ्या मोबाईलने ते पुसून टाकलं. मूर्ख मी.

५ जून
कोपऱ्यावरच्या फोटोवाल्या काकांना थाप मारली — शिवलेल्या कपड्यांचे फोटो काढायचेत, शिवण नीट दिसत नाही.
"फ्लॅश बंद कर आधी! समोरून उजेड मारला की सगळं सपाट. खिडकीपाशी ने, उजेड बाजूने येऊ दे. मग उंचवटा लपत नाही." झूम करायचं नाही, आपण पुढे सरकायचं. आधी लांबून एक, मग जवळून. शेजारी टेप ठेवायची, म्हणजे माप कळतं. आणि कोरा पांढरा कागद, म्हणजे रंग खरा येतो. "आणि ती लेन्स पूस गं, बोटांचं तेल बघ किती!"
निघताना हळूच म्हणाले, "एका फोटोत चेहराही येऊ दे. नाहीतर पाठ कोणाची, कसं कळणार?" पाठ! मी तर कपडेच म्हणाले होते. तशीच पळाले.

९ जून
घरात शांत. जेवताना दादाने विनोद केला. मीही हसले. शी!

१२ जून
पुन्हा. पाणी उशिरा दिलं म्हणून.
मोबाईल काढला तर वहिनी म्हणाली, "आज नको. परवा काढ, परवा निळं चांगलं उठतं." हे तिला माहीत असावं लागतं!

१४ जून
दादा कामावर, आईचा डोळा लागलेला. वहिनी खिडकीपाशी पाठमोरी बसली. गिऱ्हाइकांची मापं घ्यायची टेप मी तिच्या पाठीला लावली. वळ साडेसहा इंच. मोबाईल हलू नये म्हणून कोपरं बरगड्यांना चिकटवली, श्वास रोखला. सात फोटो. एकात तिने मान वळवली. "हसू का?" म्हणाली. दोघी हसलो, मग ती रडली.
फोटो झकास आले. मला बरं वाटलं — आणि बरं वाटल्याची लाज वाटली.

१६ जून
आईला कळलं. "झाकली मूठ सव्वा लाखाची! तो आत गेला तर मला कोण बघणार? तू?"
मी मशीन चालवत राहिले.

२६ जून
वहिनी एक पिशवी घेऊन मैत्रिणीकडे गेली, कायमची. वकीलबाई खूश. "इतके स्पष्ट फोटो कोणी आणत नाही. पण आता ते काढणाऱ्याने कोर्टात सांगायला हवं. स्वतःच्या पाठीचे फोटो ती काढणार कशी?"
येईन म्हणाले. ठणकावून! वहिनीने माझा हात घट्ट धरला.

११ फेब्रुवारी
कोर्टात आई दादाच्या शेजारी बसली होती. मला विचारलं, "हे फोटो तुम्ही काढलेत?" वहिनी माझ्याकडे बघत होती.
मी "नाही" म्हणाले.