नऊ वर्षांच्या पोर्टची किल्ली

मी, खाली सही करणारा, वय एकाहत्तर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, स्वखुशीने आणि दार आतून लावून लिहीत आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. मेहुण्याने दोनदा चहा पाठवला, तो मी घेतला नाही.

एक. राहते घर पत्नीच्या नावे करावे. तिच्याबद्दल तक्रार नाही. ती माझे कागद "आवरून" ठेवते, तेवढी एक शंका आहे.

दोन. सोल्डरिंग आयर्न, मल्टिमीटर आणि खणातल्या सर्व केबली वरच्या मजल्यावरच्या टीव्ही मेकॅनिकला द्याव्यात. मागे त्याने मल्टिमीटर नेऊन परत दिला, तेव्हा आत नवी बॅटरी निघाली. जुनीचे काय केले, ते त्याने अद्याप सांगितलेले नाही.

तीन. जुन्या भागीदाराला काहीही देऊ नये. नव्या जातीचा प्रोसेसर बाजारात आला, तेव्हा त्यावर एक मुक्त ऑपरेटिंग सिस्टम, म्हणजे जिचा कोड कोणालाही वाचता-बदलता येतो अशी, चालवायचे आम्ही दोघांनी ठरवले होते. "तू सुरू कर, मी आलोच," म्हणाला. त्याला नऊ वर्षे झाली. परिषदेत भाषण करायला मात्र तोच पुढे होता.

चार. त्या कामाची हकिगत नोंदवणे भाग आहे. प्रोसेसरची जात बदलली की त्याला द्यायचे हुकूम बदलतात आणि सिस्टमचा तळाचा थर नव्याने लिहावा लागतो; या कामालाच पोर्ट म्हणतात. माझे मशीन सुरू होई आणि मध्येच गप्प बसे. कधी तिसऱ्या मिनिटाला, कधी तिसऱ्या दिवशी. दोन वर्षे मी स्वतःच्याच कोडवर संशय घेतला. चूक प्रोसेसर कंपनीच्या मॅन्युअलमध्ये होती. कॅश, म्हणजे प्रोसेसरची हाताशी असलेली तात्पुरती स्मृती, रिकामी करायचा हुकूम एकदा द्या, असे छापले होते. द्यावा लागतो दोनदा.

पाच. माझी मुलगी त्याच कंपनीत नोकरीला आहे. घरातच फितुरी नको म्हणून ती आली की मी लॅपटॉप मिटत असे. कंपनीने चूक मुद्दाम लपवली, असे मी तिला सुनावले, तेव्हा "बाबा, कोणी लपवलं नाही हो, त्यांनाच माहीत नव्हतं," असे ती म्हणाली. माझा विश्वास बसला नाही. पुढे कंपनीने मॅन्युअलची दुरुस्ती जाहीर केली. दुधाने तोंड पोळले होते, म्हणून मी ताकही फुंकले: मशीन हजार वेळा चालू-बंद करून पाहिले. दुरुस्ती बरोबर होती. त्यासाठी ती अकरा महिने वरिष्ठांशी भांडली आणि तिची बढती गेली, हे मला जावयाकडून कळले. जावई थापा मारतो, पण इतकी जुळवून मारायची अक्कल त्याला नाही.

सहा. पोर्टमध्ये कोणताही बदल माझ्या डिजिटल सहीशिवाय शिरू शकत नाही. त्या सहीची किल्ली एकाच पेनड्राइव्हवर आहे. दुसरी प्रत हवी होती, पण ठेवायची कोणाजवळ? माझ्यामागे ही किल्ली नष्ट करावी. काम कायमचे बंद पडेल, हे मला ठाऊक आहे. पडो. चोराच्या हाती जायला नको.

साक्षीबाबत. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, असे वकीलबाईंनी सांगितले. मी तत्काळ मेहुण्याला हाक मारली. दुसऱ्या साक्षीला मुलगी आपणहून बसली. तिने सगळा मसुदा वाचला. सहावे कलम परत वाचले, मग पेन उघडले.

"मी सही करते, बाबा. म्हणजे मला काहीच मिळणार नाही. आता तरी मला घाबरू नका."

मला माझी लाज वाटली. पेन मी तिच्या हातातून काढून घेतले.

कलम सहा रद्द. किल्ली मुलीला, आजपासूनच.

साक्षीदार:
१. मेहुणा (सही केली, काय लिहिले आहे ते दोनदा विचारले)
२. मुलगी. हे नाव मी स्वतः खोडले आहे. ती आता वारस आहे. तिच्या जागी टीव्ही मेकॅनिकला बोलावणार होतो, पण त्यालाही वारस केले असल्याने वकीलबाईंनी सही केली.

ठिकाण: स्वयंपाकघरातले टेबल
दिनांक: नऊ मार्च
सही: मुलीचे वडील