पायाच्या बोटांत बॉल

दादा, मागच्या आठवड्यात मी घोड्यांच्या शर्यतीच्या रिंगणात गोल्फ खेळून आले. हे ज्याला सांगावं असं माणूस अख्ख्या ठाकुर्लीत तुमच्याशिवाय नाही, आणि तुम्हाला जाऊन वीसेक वर्षं झाली, ही माझी अडचण. आमचे हे, म्हणजे तुमचे जावई, आहेत, पण त्यांचं म्हणणं, "संस्कृतच्या बाईंनी काशीला जायचं असतं, स्कॉटलंडला नाही." मी म्हटलं, ज्याची त्याची काशी. बॅग अजून हॉलमध्ये उघडी पडली आहे, बुटांना तिकडची वाळू चिकटली आहे आणि मी ती मुद्दाम झाडत नाहीये.

शहाडच्या पुढचं कारखान्याचं मैदान डोळ्यांसमोर आणा. नऊ भोकं, कडेला बाभळी, आणि भोकाभोवतीची जागा, जिला साहेब लोक ग्रीन म्हणायचे, ती काळीकुट्ट, वाळूत जुनं तेल कालवून थापलेली. सहा दिवस तुम्ही मशीनवर उभे आणि सातव्या दिवशी साहेबांची काठ्यांची बॅग खांद्यावर. मला तेव्हापासून वाटायचं की खरं गोल्फ म्हणजे हिरवंगार आणि अठरा भोकांचं, आपलं ते जेमतेम, अर्धं. तर ऐका. जगातल्या सर्वांत जुन्या मैदानांमध्ये ज्याचं नाव घेतात, जिथे म्हणे पेशवाईच्याही आधीपासून लोक काठ्या परजतायत, तेही नऊच भोकांचं! भोवती घोडे पळतात, मधे गोल्फ. जुन्या पद्धतीच्या, लाकडी दांड्याच्या काठ्या तिथे भाड्याने मिळतात. मी फळ्यावरचा नऊचा आकडा बघितला आणि भर रस्त्यात एकटीच हसले. दादा, आपण अर्धे नव्हतो. आपण मूळ संहितेप्रमाणे होतो.

हे खूळ पन्नाशीनंतरचं. घोडबंदरच्या बाजूला एक सरावाचं मैदान आहे, तिथे शनिवारी जाते. खोपटच्या डेपोतून एसटी पकडते तेव्हा खांद्यावर काठ्यांची बॅग असते. कंडक्टरने पहिल्या दिवशी विचारलं, "ओ ताई, हॉकी का?" म्हटलं, गोल्फ. तो म्हणाला, "मग गाडी कुठंय तुमची?" सबंध एसटी हसली, मीही हसले. मागच्या वर्षी कलकत्त्याच्या जुन्या मैदानावर खेळून आले, आणि यंदा थेट उगमाकडे. तिकडे समुद्रकाठच्या एका गावात तर अशी रीत आहे की दोन दिवस आधी नाव द्यायचं आणि चिठ्ठी निघाली तरच खेळायचं. माझी निघाली! शाळेत लॉटरीने कधी साधी पेन्सिल लागली नाही मला. आणि तुम्हाला आवडेल अशी गोष्ट म्हणजे रविवारी तिथे खेळच बंद. गावातले लोक त्या पवित्र हिरवळीवर कुत्री फिरवतात. बॅगा उचलणाऱ्यांनाही सुट्टी.

पण मला तुमच्याशी आपल्या मैदानावरच्या त्या एका रविवाराबद्दल बोलायचं आहे. मी आठवीत होते, संस्कृत नुकतं सुरू झालं होतं. वार्षिक कपाची मॅच होती आणि मी तुमचा डबा घेऊन आले होते. साहेबांचा बॉल बाभळीच्या मुळाशी जाऊन रुतला, आणि बॉल पडेल तिथूनच मारायचा हा नियम. साहेब अजून लांब होते. तुम्ही अनवाणी चालत गेलात, न थांबता, न वाकता पायाच्या अंगठ्यात आणि बोटात तो बॉल धरलात, तसेच दोन पावलं पुढे गेलात आणि सपाट जागेवर सोडून दिलात. खांद्यावरच्या बॅगेतली एक काठीसुद्धा वाजली नाही. साहेबांनी मॅच जिंकली. नंतर चहाच्या टेबलापाशी त्यांनी मला बोलावून बिस्कीट दिलं आणि विचारलं, "संस्कृत शिकतेस? म्हणून दाखव काहीतरी." मी 'खरं बोलावं, गोड बोलावं' अशा अर्थाचा अर्धा श्लोक म्हटला. आणि मग सगळ्यांसमोर बॉलचं सांगून टाकलं. खरं असलं तरी कडू बोलू नये, हा पुढचा भाग बाईंनी सोमवारी शिकवला.

साहेब लालेलाल झाले, कप त्यांनी तिथेच परत केला. पुढच्या रविवारपासून तुमच्या खांद्यावर कोणाचीच बॅग आली नाही. तुम्हाला ओलं गोणपाट दिलं, काळ्या वाळूवरून ओढायला. साहेब लोक खेळून पुढे गेले की त्यांच्या पावलांचे ठसे पुसायचे. कारखाना बंद पडेपर्यंत तुम्ही ते ओढलंत. त्या संध्याकाळी आई सुकट भाजत होती, तिचा हात तव्यावर आणि डोळे माझ्यावर. तुम्ही पाटावर बसलात आणि म्हणालात, "खरा बोललीस ता बरा केलास. पन मना आधी चहा त पिऊ द्यायचा." बस, एवढीच शिक्षा. महिन्याभराने कोणा साहेबाची मोडकी सात नंबरची काठी घेऊन आलात, कापून माझ्या उंचीची केलीत, मुठीला सायकलची ट्यूब गुंडाळलीत आणि म्हणालात, "घे. आता सोताचा बॉल बघ, दुसऱ्याचा बघू नको." आणि आल्यागेल्याला सांगत राहिलात, "माजी पोर खोटा बोलत नाय." ते बिरूद मी आयुष्यभर वापरलं. शाळेत, सासरी, सगळीकडे.

ती काठी मी तिकडे नेली होती. शर्यतीच्या रिंगणातल्या पाचव्या भोकापाशी माझा बॉल गवताच्या झुबक्यात बसला. बरोबर खेळणारी तिथली म्हातारी आपला बॉल शोधत लांब गेली होती. मी आजूबाजूला बघितलं, उजवा बूट काढला, मोजा काढला आणि अंगठ्यात बॉल धरला. दादा, तो सुटतो! चार वेळा धरला, चारही वेळा निसटला, पोटरीत गोळा आला, आणि मी एका पायावर नाचत असताना म्हातारी मागे येऊन उभी. "पायाला काही चावलं का?" मी म्हटलं, नाही, माझे वडील हे करायचे, मी बघतेय जमतं का. ती म्हणाली, "जमलं?" म्हटलं, छे. "मग एक फटका दंड लिही," ती म्हणाली, आणि मग आम्ही दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. तुमची कापलेली सात नंबर हातात घेऊन, कमरेत वाकून, मी तो बॉल मारला. वाळूच्या खड्ड्यात गेला. मारून झाल्यावर तिथलं दाताळं घेतलं आणि माझ्या पावलांचे ठसे पुसले. पुसता पुसता हात थांबला.

हे पत्र टाकायला पेटी नाही, तेव्हा घडी करून सात नंबरच्या मुठीत, ट्यूबच्या खाली सारून ठेवणार आहे. त्याआधी एक सांगते, जे तुम्ही असताना सांगायला हवं होतं. त्या दिवशी श्लोक म्हणून झाला होता, बिस्कीट खाऊन झालं होतं. साहेब बाकीच्यांकडे वळून म्हणाले, "आज नशीब जोरावर होतं, बॉल कसा सपाटीवर येऊन बसला!" ते मला सहन झालं नाही. नशीब कसलं? मी ओरडून म्हणाले, "नशीब नाही, माझे दादा! पायाच्या बोटांनी उचलतात, न वाकता, कोणाला कळतसुद्धा नाही!" सत्यबित्य माझ्या मनातही नव्हतं, दादा. मी तुमची फुशारकी मारत होते.