दादा थांबला नाही

१६ डिसेंबर २०१४
दादाचा मेसेज. तो आणि वहिनी २४ ला सकाळी इथे येतायत. "आई गेल्यानंतरचा पहिला नाताळ. तुझा दुखवटा काढायला भावानेच यायला हवं." आता रीत आठवली. सप्टेंबरात आई गेली तेव्हा कुठे होती ही रीत?
त्याला नाही, वहिनीला फक्त फ्लाइट नंबर विचारला.

१९ डिसेंबर
ऑफिसमधून येताना जुरोंग ईस्टच्या मॉलमध्ये साबणाच्या फेसाचा बर्फ उडवत होते. बाहेर पाठीला ब्लाउज चिकटलेला. नगरला आता थंडी पडली असेल, आईची शेकोटी... नको.
नवऱ्याचा जहाजावरून फोन. "येऊ दे गं त्यांना. भांडू नकोस." मी भांडते कुठे? तेव्हाही बोलले नाही. मातीच्या ढिगासमोर उभी राहिले आणि दादा लोकांना चहा विचारत फिरत होता.
चांगी विमानतळावरून दादाला फोन केला होता. "मी निघालेय, थांब." म्हणाला, "थांबतो." मुंबईत उतरून फोन चालू केला तर त्याचा मेसेज. संध्याकाळीच माती दिली.

२१ डिसेंबर, रविवार
सेरंगूनला आपल्या मंडळींची उपासना. घरी यंदा चांदणी लावली नाही, करंज्या केल्या नाहीत. रूथची कुरकुर, "एव्हरीवन गॉट स्टार लाह." आजी गेली हे नऊ वर्षांच्या पोरीला किती वेळा सांगायचं.
साळवे मावशींनी डबा हातात ठेवला. "दुःखाच्या घरात तळण नसतं. म्हणून आम्ही आणलं." परक्यांना कळतं.

२४ डिसेंबर
दादा विमानातून स्वेटर घालून उतरला! आईने विणलेला, तपकिरी. नाताळला घरात सगळ्यांनी आईचेच स्वेटर घालायचे, तसा. टॅक्सीपर्यंत येताना गळ्याशी घाम.
रूथ : "मामा, सो हॉट लाह! काढ ना!"
"असू दे बाळा. नाताळ आहे."
वहिनी : "मुंबईपासून सांगतेय. ऐकतील तर शपथ."
माझा कपाटात आहे. काढणार नाही. मला मिरवायचं नाही.

२५ डिसेंबर
उपासनेहून आल्यावर वहिनीने साडी बाहेर काढली. भावाने खांद्यावर साडी ठेवायची, गोड भरवायचं, मग बहीण सण करायला मोकळी. दादा करंजी घेऊन समोर. अंगात तोच स्वेटर. मी तोंड उघडलं, पण खायला नाही.
"थांबतो म्हणाला होतास."
वहिनी रूथला घेऊन आत गेली. करंजी त्याच्या हातात तशीच.
मग म्हणाला, "शेवटी फार सुजली होती गं. चेहरा ओळखू येत नव्हता. तुला तशी दाखवायची नव्हती."
म्हणजे माझ्यासाठी! उपकार केले! कसाही असेना चेहरा, माझ्या आईचा होता. मी बघायचा की नाही हे ठरवणारा हा कोण? तोंडावर म्हटलं. फार मोठ्याने म्हटलं असणार, समोरच्या फ्लॅटचं दार उघडलं.
त्याने साडी खुर्चीवर ठेवली. करंजी बशीत.

२६ डिसेंबर
बशीतली करंजी रूथने खाल्ली. मी तिच्यावर का ओरडले कळत नाही. दादा म्हणाला, "तिला कशाला? मला बोल." मी बशी घासायला घेतली. दिवसभर पंखा फुल.

२७ डिसेंबर
गेले. टॅक्सीत बसता बसता दादा म्हणाला, "ईस्टरला कबरीवर दगड बसवायचाय. काय कोरायचं ते तू ठरव. तू येईपर्यंत थांबतो."
तोच शब्द. त्याच्याही लक्षात आलं असावं, लगेच खाली बघितलं. मी टॅक्सीचं दार लावलं.
साडी खुर्चीवरच आहे. जेवताना मी दुसरी खुर्ची घेतली.