तलवारीच्या टोकाला लिंबू

प्रिय अप्पा,

तो जिंकला! आधी एवढंच सांगते, मग बाकीचं. आज दुपारी तुमच्या जावयांनी टीव्हीवर तुमचा तो जपानी सिनेमा लावला आणि मी शेवटपर्यंत बघितला. हे तुम्हाला नाही सांगायचं तर कुणाला?

आठवतंय ना? सोलापूरहून आणलेली ती कॅसेट! गावोगाव चालत, एकेकाला आव्हान देत निघालेला तलवारबाज. नदीकाठी शेवटची लढाई, दोघांनी तलवारी उपसल्या आणि नेमके काकांच्या हळदीचे पाहुणे दारात आले. तुम्ही कॅसेट तिथंच बंद केलीत, राहिलेलं नंतर बघू म्हणून. दुसऱ्या दिवशी लग्नात शूटिंगवाल्याची कॅसेट संपली, तर घाईघाईत तीच त्याच्या हातात दिलीत. निदान मागं तरी फिरवायची, अप्पा! सुरुवात गेली असती, शेवट वाचला असता.

तेव्हापासून आपल्या घरी त्या सिनेमाचा शेवट एकच. तलवारबाज तलवार उगारतो, पडद्यावर मुंग्या येतात आणि घोड्यावर बसून काका येतात, हातातल्या तलवारीच्या टोकाला लिंबू खोचलेलं! सारं तेरखेडा गाव हसायचं. “त्यो मरत न्हाय,” तुम्ही ठासून सांगायचात, “लगीन लागलंय त्याचं!” पण सगळे गेले की हळूच मला विचारायचात, “खरंच जिंकला असंल का गं?” दवाखान्यातसुद्धा विचारलंत. मला काय ठाऊक होतं तेव्हा?

जिंकला, अप्पा! एकाच घावात! मी उठून टाळ्या पिटल्या. पण पुढं ऐका. त्याची वाट बघत एक बाई पुलावर उभी असते. तो येतो, वाकून नमस्कार करतो आणि तसाच पुढं चालू लागतो. आई भडकलीच. “एवढं चालून आला अन् असाच निघाला? असं असतंय व्हय? तुझ्या अप्पांचाच शेवट बरा. त्यो लाव!”

लावला. कॅसेटवरचं सगळं मी मोबाइलमध्ये उतरवून घेतलंय. फेटा बांधून तुम्ही काकांपुढं नाचताय आणि शूटिंगवाल्यावर ओरडताय, “माझं काय काढतो? नवरदेवाचं काढ!” त्यानं ऐकलं नाही, लई बरं झालं. चालते-बोलते तुम्ही आमच्याकडं तेवढेच उरलात. थोडं थांबायचं होतं हो!

या दिवाळीत अंगणात चादर बांधून सगळ्या गल्लीला सिनेमा दाखवणार आहे. तलवारी उपसल्या की थांबवीन आणि तुमच्यासारखंच विचारीन, “बोला, काय होतंय?” मग खरा शेवट दाखवीन. आणि तो बाबा पूल ओलांडून निघाला की, शब्द देते, काकांचं लग्न लावीन!

तुमची,
शेवट बघून आलेली
सुमी