चर्चच्या व्हॅनचा पाहुणचार

सोमवार, ५ ऑगस्ट
आजपासून चर्चच्या व्हॅनचा ड्रायव्हर मी! चर्चची गाणारी सगळी मंडळी शनिवारी स्पर्धेला सालेलोलोगा गावी न्यायची. आमच्या लेकीला, तालियाला पहिल्यांदाच एकटीनं गायचंय. मेव्हणा इओसेफो ट्रक चालवतो, पण निवड माझी झाली.
घरासमोरच्या चढावर व्हॅन लावून ऑइलची पट्टी बघितली. कोरडी ठणठणीत. आधीच्यानं बिचारीला उपाशी मारलं. डबा ओतला.

मंगळवार
तोच चढ, पट्टीच्या टोकाला जेमतेम ओल. आणखी ओतलं. इओसेफो म्हणे, दाजी, चढावर ऑइल मागं सरकतं, सपाटीवर लावून बघा की. मी म्हटलं, आपण सामोआची माणसं, पाहुणा नको म्हणाला तरी वाढतो. तो डोकं धरून गेला. हरला बहुतेक.

गुरुवार, जेवणानंतर
तारोचे कंद जरा जास्तच झाले. निश्चय: उद्यापासून कमी खायचं. व्हॅनचं मात्र रोज बघायचं.
पांढरा धूर येतोय. मालेले म्हणाली, अहो, आत चूल मांडलीत का? बायकोला काय कळणार! जुनी घाण बाहेर पडतेय. शनिवारसाठी अजून अर्धा डबा.

शनिवार, १० ऑगस्ट
निघालो. काय पळते! पाय काढला तरी इंजिन जोरात. ब्रेक दाबून थांबवली, किल्ली काढली, तरी गुरगुरतेच आहे. डिझेलशिवाय नुसत्या ऑइलवर! एवढी ताकद जिल्ह्यात कुणाच्या व्हॅनमध्ये नसेल. मग धाडकन आवाज, आणि शांत.
धुरानं मंडळींचे पांढरे कपडे करडे झाले.

शनिवार, दुपार
इओसेफोच्या ट्रकमधून सगळे गेले. जागा होती, पण मालेले म्हणाली, तुम्ही इथंच बसा. तालिया वळून वळून बघत होती. फार वाईट वाटलं. पण व्हॅन राखायला जबाबदार माणूस हवाच.
स्पर्धा रेडिओवर लागली. पोरगी काय गायली! एकटाच रडलो. व्हॅनचा रेडिओ उत्तम चालतो, हे कुणीतरी लक्षात घ्यावं.

शनिवार, संध्याकाळ
इओसेफोनं व्हॅन ओढून आणली, सपाटीवर पट्टी बघितली. एवढं जळूनही ऑइल खुणेच्या बोटभर वर. म्हणे, दाजी, एवढ्यात दोन व्हॅन जेवल्या असत्या. इंजिन कायमचं गेलं. कंपनीनं पट्टीच आखूड केली असणार.

रविवार, ११ ऑगस्ट
निश्चय: नव्या इंजिनाला ऑइल एक दिवसाआड.
दुपारी किल्ली मी स्वखुशीनं परत केली. न्यायला पास्टरांसकट अख्खी कमिटी दारात आली होती.